स्नोमध्ये कुत्र्याचे पंजे सांभाळायचे तर बर्फापेक्षा मिठाकडे बघा

टोरांटो, ओटावा, मिनियापोलिस असल्या ठिकाणी राहायचं आणि घरात कुत्रा असायचा म्हणजे नोव्हेंबर संपता संपता एक प्रश्न येतोच, की याला बूट घ्यायचे का. त्याबद्दल खाली सांगतेच, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. शहरात फिरणाऱ्या धडधाकट कुत्र्याच्या पायाला नुसता बर्फ फारसा त्रास देत नाही, त्रास देतं ते बर्फावर टाकलेलं मीठ. आणि मिठावर बुटांपेक्षा भारी उपाय म्हणजे घरी आल्या आल्या पाय धुणं. बाहेरून आलात की पाय धुवूनच आत या, असं आपल्या आज्ज्या ओरडायच्या ना, तोच नियम कुत्र्यालाही लावायचा, बास.

आता बर्फाचं म्हणाल तर कुत्र्याच्या पंजात सोयच तशी असते. २०११ साली हिरोयोशी निनोमिया या जपानी संशोधकाच्या टीमने पंजातल्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास छापला होता, त्यात दिसलं की पंजाखालच्या मऊ गादीत रक्त नेणाऱ्या धमन्यांना बारीक शिरांचं जाळं अगदी चिकटून असतं, त्यामुळे आत येणारं गरम रक्त परत जाणाऱ्या गार रक्ताला तिथल्या तिथेच ऊब देतं आणि गार रक्त तसंच शरीरात जात नाही. म्हणून हस्की आणि लॅब स्नोमध्ये मजेत लोळतात. पण हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही हं. चिवावासारखी चिमुकली कुत्री, पिल्लं, म्हातारी कुत्री आणि भारतातून सोबत आणलेले आपले इंडी म्हणजे देशी कुत्रे, ज्यांच्या अंगावर नीट अंडरकोटच, म्हणजे आतला दाट मऊ केसांचा थरच नसतो, त्यांना उणे सात-आठच्या खाली लवकर बाधतं. आणि उणे पंधरा-वीसला वारा असेल तर कुठल्याही जातीचं असो, शी-शू उरकून घरात, फिरणं उद्या.

मिठाचं असं आहे की साधं मीठ, म्हणजे रॉक सॉल्ट, उणे नऊ-दहाच्या खाली नीट काम करत नाही, मग लोक कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते पाणी लागलं की विरघळताना गरम होतं. कुत्र्याचा पंजा ओला, बोटांच्या बेचक्यात एक खडा अडकलेला, तो तिथेच विरघळायला लागतो आणि कातडी भाजते. त्यात खडे टोकदार असतात, गाद्यांना बारीक चिरा पाडतात, आणि त्या चिरांत पुन्हा मीठ. शिवाय फुटपाथच्या कडेला जो करडा चिखल साचतो ना, तो पातळ दिसतो म्हणून फसू नका, मिठामुळे तो गोठत नाही एवढंच, त्याचं तापमान शून्याच्या बरंच खाली असू शकतं. पाय ओला करायला याहून वाईट जागा नाही. आणि मग कुत्रा घरी येऊन पाय चाटतो, ते मीठ पोटात जातं, आधी नुसतं पाणी पाणी करतो, जास्त गेलं तर उलट्या, जुलाब, आणि फारच गेलं तर प्रकरण गंभीर होतं.

दुकानात पेट-सेफ म्हणून जे मिळतं ते आपल्या ड्राइव्हवेवर जरूर टाका, नाहीतर सरळ वाळू टाका, घसरायचं कमी होतं. पण शेजाऱ्याने आणि म्युनिसिपाल्टीने काय टाकलंय ते आपल्या हातात नाही, त्यामुळे पाय धुण्यातून सुटका नाही.

सीझन सुरू व्हायच्या आधी करायचं काम म्हणजे केस. गोल्डन, पूडल, डूडल, कॉकर, शित्झू यांच्या गाद्यांच्या मधे केसांचे झुपके वाढतात, त्यावर स्नो चिकटतो, अंगाच्या उबेने जरा वितळतो, परत गोठतो आणि आत टणक गोळे तयार होतात. कुत्रा चालता चालता मधेच थांबून पाय उचलतो किंवा खाली बसून पंजा चावायला लागतो तो बऱ्याचदा याच्यामुळे. छोटी बोथट टोकाची कात्री नाहीतर ट्रिमर घ्या आणि गादीच्या पातळीला येतील इतपतच केस कापा, आत खोल खुपसून भादरू नका, तिथली कातडी फार नाजूक असते. नखंही वेळच्या वेळी कापा, नखं लांब झाली की बोटं फाकतात आणि फटीत स्नो जास्त जातो. गोळे झालेच तर ओढून काढायचे नाहीत, केसांसकट उपटले जातात आणि पुढच्या वेळी तो पायाला हातच लावू देत नाही. ग्लोव्ह काढून पंजा आपल्या मुठीत धरून ठेवा, जरा सुटला की बोटाने हलकेच काढा, किंवा घरी कोमट पाणी.

बाहेर पडताना पंजाला मेण लावणं हा बुटांना चांगला पर्याय आहे. मशर्स सीक्रेट नावाचं कॅनडातलंच वॅक्स पुष्कळ लोक वापरतात, तसलंच दुसरं कुठलंही चालेल. गाद्यांवर आणि बोटांच्या मधे पातळ थर, आणि लावायचं ते दारात उभं राहून, नाहीतर लाकडी फ्लोअरवर घसरगुंडी आणि कार्पेटवर ठसे. लांब फिरणार असाल तर मधे परत लावावं लागतं. घरीही करता येतं, एक भाग मधमाशीचं मेण, दोन-तीन भाग खोबरेल तेल, गरम पाण्यावर भांडं ठेवून वितळवायचं आणि डबीत ओतायचं. नुसतं खोबरेल लावलं तर वाईट काही नाही पण कुत्रा दोन मिनिटांत चाटून साफ करतो. आणि हे महत्त्वाचं, आपल्याकडे पुष्कळ घरांत खोबरेलात कापूर टाकून ठेवतात, ते तेल कुत्र्याला अजिबात लावायचं नाही, कापूर कुत्र्यांना विषारी आहे. टी ट्री ऑइलचंही तेच.

आता बूट. माझ्या आईने इथे आल्यावर पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "काय गं बाई, कुत्र्याला बूट! आमच्या मोत्याने जन्मात कधी घातले नाहीत." बरोबरच आहे, मोत्या सांगलीत होता, तिथे कुणी फुटपाथवर कॅल्शियम क्लोराइड टाकत नव्हतं. बूट म्हणजे नुसते लाड असं वाटत असेल तर अलास्कातली इडिटारोड बघा, १९७३ पासून अँकरेज ते नोम अशी साधारण हजार मैलांची स्लेड रेस, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या बर्फावरच्या गाड्यांची शर्यत होते, तिथल्या त्या कणखर कुत्र्यांनाही बूट लागतात, प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट सोबत असलेच पाहिजेत असा नियमच आहे. ते बूट म्हणजे साधी कापडी पिशवी आणि वर वेल्क्रो, काही डिझायनर प्रकरण नाही.

घ्यायचे झाले तर माप नीट घ्या, निम्मे बूट मापामुळेच पडतात. कागदावर कुत्र्याला उभं करा, ज्या पायाचं माप घेताय त्याच्या शेजारचा पाय उचलून धरा म्हणजे वजन पडून पंजा पूर्ण पसरतो, मग दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून रुंदी मोजा. पुढचे पंजे बहुतेक कुत्र्यांचे मागच्यांपेक्षा रुंद असतात, तेव्हा चारही एकाच मापाचे घेऊ नका. फुग्यासारखे पातळ रबरी मिळतात ते मिठासाठी उत्तम, कुत्र्याला जमीनही जाणवते, पण त्यात ऊब शून्य आणि ते घट्ट बसतात, म्हणून फिरून आलं की लगेच काढायचे. जाड सोलवाले ट्रेलसाठी बरे. पट्टा आतल्या बाजूच्या वरच्या नखावर घासत नाही ना ते बघा आणि काढल्यावर तिथे वळ उठलाय का किंवा पाय सुजलाय का हेही बघा. कुत्र्याला घाम पंजातूनच येतो, त्यामुळे तासन्‌तास बूट घालून ठेवले की आतली कातडी ओली राहून मऊ पडते.

सवय घरातच लावा. आधी दोनच बूट, मिनिटभर, हातात चीज किंवा चिकनचा तुकडा, मग काढा. पहिल्यांदा चारही घातले की लेझीम खेळल्यासारखा एकेक पाय उचलून टाकतो, व्हिडिओ काढा पण खदाखदा हसत बसू नका, खाऊ दाखवत त्याला चालवत न्या, चालायला लागला की विसरतो. काही कुत्री नाहीच ऐकत, मग सोडून द्या, मेण आणि धुणं यावर हिवाळा निघतो.

रस्त्यावर असताना फुटपाथच्या मधून चालण्यापेक्षा कडेच्या ताज्या स्नोवरून चालवा. मीठ सगळ्यात जास्त कुठे, तर चौकात, बसस्टॉपवर आणि बिल्डिंगच्या दारात, तिथे छोटा कुत्रा असेल तर उचलूनच घ्या. वरून वितळून परत गोठलेल्या स्नोवर जो टणक पापुद्रा येतो, त्यातून पाय आत गेला की कडा कापतात, नखाच्या वर नाहीतर घोट्यापाशी रक्त दिसलं तर कारण हेच. लोखंडी झाकणं आणि दिव्याचे खांब टाळा. टोरांटोत २००८-०९ च्या हिवाळ्यात फुटपाथवरच्या झाकणांत वीज उतरून कुत्री मेली होती, आणि खारट पाण्यातून करंट मस्त वाहतो. गाड्यांखाली गोडसर वासाचं हिरवट पाणी दिसलं तर ते अँटिफ्रीझ, म्हणजे इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून गाडीत टाकतात ते, असू शकतं, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल थोडंसं पोटात गेलं तरी किडन्या जातात. पाय त्यात पडला असेल तर चाटू देऊ नका, आणि चाटलं असेल असा नुसता संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न बघता व्हेटकडे पळा, इथे तासांचा हिशोब असतो.

घरी आल्यावर दाराशीच एक उंच डबा किंवा मोठा मग ठेवा, कोमट पाणी, गरम नाही, गार पडलेल्या पायाला गरम पाणी भाजतं. एकेक पाय बुडवा, बोटं फाकवून आत आपलं बोट फिरवा, खडा असेल तर हाताला लागतोच. मग पुसा, आणि पुसायला जाड टर्किश टॉवेलपेक्षा जुना मऊ पंचा चांगला, बोटांच्या फटीत जातो. फटी कोरड्या झाल्याच पाहिजेत, ओलं राहिलं की यीस्टचं इन्फेक्शन होतं आणि मग रात्रभर चाटण्याचा आवाज. डॅक्सहुंडसारखा बुटका असेल तर पोटही पुसा, तिथेही मीठ लागलेलं असतं. पाणी रोज शक्य नसेल तर बिनवासाचे बेबी वाइप्स चालतील, पण दिवसातून एकदा तरी धुवाच.

गाद्या खरखरीत झाल्या तर रात्री झोपताना तेच मेणाचं मलम लावा. बोरोलीनची ट्यूब प्रत्येक मराठी घरात असते आणि हात तिकडेच जातो, पण त्यात झिंक ऑक्साइड आणि बोरिक अॅसिड असतं, चाटलं तर त्रास होतो, म्हणून ती आपल्या ओठांपुरती ठेवा. सोरायसिसची व्हिटॅमिन डी वाली क्रीम तर कुत्र्याच्या आसपासही नको. चीर खोल असेल, रक्त थांबत नसेल, लंगडत असेल तर घरगुती उपाय बंद आणि सरळ व्हेट.

हिमदंशाची भीती पंजापेक्षा कानाच्या टोकांना आणि शेपटीला जास्त, पण पंजालाही होतो. कातडी फिकट किंवा निळसर करडी, हाताला गार आणि कडक लागते, पुढे सूज आणि फोड येतात, काही दिवसांनी काळी पडते. चोळायचं नाही, स्नोने तर मुळीच नाही, हेअर ड्रायर आणि हीटिंग पॅडही नको. उबदार जागी आणून आपल्या हाताला सुखद लागेल इतक्या कोमट पाण्यात पाय ठेवा, हलकेच टिपून कोरडा करा आणि व्हेटला फोन करा. परत थंडीत न्यायचं असेल तर अर्धवट ऊब देऊ नका, परत गोठलं की जास्त नुकसान होतं.

पुण्या-मुंबईहून गाडी काढून कुत्र्याला मनालीला नेणारे हल्ली बरेच दिसतात, २०२० मध्ये अटल टनेल झाल्यापासून तर बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत सहज जातात. तिथे मिठाची भानगड इकडच्यासारखी नसते, पण कोकणच्या दमट हवेतला कुत्रा एकदम थेट बर्फात उतरतो हाच मोठा प्रश्न. आधी दहा-पंधरा मिनिटंच सोडा, गाडीत टॉवेल आणि थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा, आणि जिथे टुरिस्टांची गर्दी असते तिथे बर्फाखाली फुटक्या बाटल्या असतात म्हणून थोडं लांब जाऊन खेळू द्या. त्या एका ट्रिपसाठी महागडे बूट घेण्याची गरज नाही, मेणाची डबी पुरते.