आधी देणं ठरवा, मग जादू

फँटसी लिहायला बसलेली बरीच मंडळी पहिल्यांदा नकाशा काढतात. डोंगर, नद्या, सात राज्यं, प्रत्येकाचा वेगळा झेंडा. हौस म्हणून जरूर काढा. माझ्या वहीचं पहिलं पान मात्र देण्याघेण्याचं असतं: कोण कुणाचं काय देणं लागतो, कुणाच्या वेळेपासून, आणि नाही दिलं तर काय होईल.

ही खोड सिंधुदुर्गातल्या माहेरची. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार, म्हणजे ती सांभाळणारी अदृश्य शक्ती, असतो असं मानतात आणि त्याला वर्षाकाठी राखण, म्हणजे ठरलेला मान, द्यावी लागते. कुठे कोंबडा, कुठे नारळ. राखणदार देवचार, म्हणजे हद्द राखणारं भूत, असेल तर रोट (जाड भाकरी), विडी, कधी दारू. घोंगडी पांघरून, काठी घेऊन तो रात्री हद्दीवरून फिरतो म्हणतात. त्याच्या अंगात शक्ती किती, याचं वर्णन कुणी लांबण लावून करत नाही. त्याला काय द्यायचं ते मात्र घरातल्या पोरांनाही ठाऊक असतं. लेखकाने उचलायचं ते हेच.

वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. नवसाला तिथे केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या चपला, चांगल्या मोठाल्या. देव रात्री गावाची राखण करत हिंडतो, म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा. आता एवढ्याच गोष्टीला प्रश्न विचारत जा. अशा चपला शिवतं कोण? पहिलं माप कुणी ठरवलं असेल? झिजलेला जोड उचलायचा मान कुणाचा? आणि एखाद्या वर्षी चपला झिजल्याच नाहीत तर?

या शेवटच्या प्रश्नात अख्खी कादंबरी आहे. चपला शिवणाऱ्याला ते सगळ्यांच्या आधी कळेल, कारण तळ त्याच्या हातचा. मानकऱ्यांना सांगावं, तर ते म्हणणार, तुझंच चामडं खोटं. बायकोला सांगावं, तर ती तिन्हीसांजेनंतर पोरांना अंगणात जाऊ देणार नाही. गप्प बसावं, तर गाव राखायला कुणी नाही हे एकट्याने पोटात ठेवायचं. अजून एकही मंत्र लिहिलेला नाही आणि माणूस उभा राहिला. तो कसा दिसतो, केस कुरळे की सरळ, हे मागाहून ठरवलं तरी चालतं. मी पुष्कळदा ठरवतच नाही.

एक पथ्य पाळा. वेतोबा हा आज पुजला जाणारा देव आहे, त्याला आपल्या कथेतला खलनायक करायचं कारण नाही. रिवाज कसा चालतो ते समजून घ्या; देव आणि गाव आपलं नवं रचा.

जादूला नियम हवा हे सगळेच सांगतात. नियम कसा हवा ते वेताळाच्या गोष्टींत बघा. विक्रम बोलला तर प्रेत परत झाडावर. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. नियम दोन्हीकडून आवळतो, त्यामुळे राजाला प्रत्येक खेपेला न्याय करावाच लागतो, आणि त्या निवाड्यांतून तो आपल्याला कळत जातो. अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरातही ही माळ आहे. तिची सुटका मला फार आवडते: शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला खरोखरच येत नाही, म्हणून तो गप्प राहतो आणि कोड्यांच्या फेऱ्यातून सुटतो. तलवार नाही, वरदान नाही. तुमचा नियम असाच तपासा. त्याच्यामुळे पात्राला मनाविरुद्ध काय करावं लागतं? उत्तर ‘काही नाही’ असेल तर तो नियम नुसती सजावट आहे, काढून टाका.

भविष्यवाणी वापरायचा मोह झाला तर त्याऐवजी कौल लावा. देवाला फुलं किंवा कळ्या चिकटवतात, प्रश्न घालतात, मग उजवं पडलं की डावं ते बघतात. उत्तर एवढंसं, त्यामुळे सगळं नाट्य प्रश्नात येतं. ‘भाऊ परत येईल का?’ असं विचारणारी बहीण आणि ‘भावाची वाट बघायची सोडू का?’ असं विचारणारी बहीण या दोन वेगळ्या बायका आहेत.

खलनायकाचं काम उलट्या बाजूने करते. जगाने आपलं काय देणं थकवलंय असं त्याला वाटतं, ते शोधायचं. सध्याच्या माझ्या हस्तलिखितात एक चाकरमानी भाऊ आहे. राखणीचे पैसे तो दरवर्षी डोंबिवलीहून गुगल पे करतो, स्वतः मात्र येत नाही, आणि जमिनीवर हक्क सांगतो. तो दुष्ट मुळीच नाही. पैसे वेळेवर पाठवतो. देवचाराला असे पैसे पोचतात का, यावर कथा अडली आहे आणि तिला तिथे अडू देण्यात मला मजा येते आहे.

संवादांसाठी दशावतार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, बघा, जमलं तर जत्रेतला, रात्रभर बसून. तिथे लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं, मग पायपेटी आणि मृदंगाच्या साथीने नट रंगमंचावरच बोलणं रचत जातात. राजा भारदस्त ग्रांथिक मराठीत बोलतो आणि विनोदी पात्र मालवणीत त्याची फिरकी घेतं. कोण कुठल्या मराठीत बोलतो यावरूनच पायरी कळते. आपल्या फँटसीतली भुतं मात्र सरसकट ‘हे मानवा!’ म्हणत येतात. कशाला? शेताच्या बांधावरचा देवचार ‘खंय चललंस रे?’ असंच विचारेल, आणि जास्त भीती त्याचीच वाटेल.

घरी असं करा. प्रसंगात कुणाला काय हवंय तेवढं कागदावर लिहा आणि कागद पालथा घाला. मग दोन्ही पात्रांचं मोठ्याने बोला, फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना जिथे पात्र वाचकाला माहिती पुरवायला बोलतंय असं वाटेल (‘तुला माहीतच आहे की आपले पूर्वज...’) तिथली वाक्यं सरळ गाळा. राहिलेलं उतरवून घ्या. घरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा, नाहीतर बंद खोलीतून दोन आवाज ऐकून कुणीतरी नारळ घेऊन दारात उभं राहील.