गोव्याला निघण्याआधी: कॅलेंडर, पिशवी आणि दुपारची कुलपं

गोव्याला जायचं म्हटलं की पहिला शोध हॉटेलचा सुरू होतो. तो जरा थांबवा आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा, तिथी दाखवणारं. शेजारी चर्चचं कॅलेंडर लागेल, तेही मोबाईलवर उघडून ठेवा. क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर, म्हणजे देशातलं सगळ्यात छोटं राज्य. सकाळी पेडण्यात चहा घेऊन संध्याकाळी काणकोणला पोचता येतं, त्यामुळे जागा चुकली तर तासाभरात सावरता येते. दिवस चुकला की वर्ष गेलं.

सणांच्या काही तारखा पक्क्या आहेत, त्या आधी लिहून घ्या. 6 जानेवारीला तीन राजांचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, रेइश मागूश आणि चांदर इथे. 24 जूनला सांजाव, म्हणजे सेंट जॉनचं फेस्त, 29 जूनला मच्छीमारांचा सांगड. नव्या भाताच्या कणसांचं फेस्त राय गावात 5 ऑगस्टला आणि ताळगावात 21 ऑगस्टला. कार्निव्हल मात्र ईस्टरच्या मागे फिरतो. ईस्टरच्या 47 दिवस आधीचा मंगळवार हा त्याचा शेवटचा दिवस आणि त्याच्या आधीच्या शनिवारपासून किंग मोमोचं, म्हणजे कार्निव्हलच्या लुटुपुटूच्या राजाचं राज्य. शिगमो, म्हणजे गोव्याचा शिमगा, फाल्गुनातला. त्यातही जुन्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातला धाकटा शिगमो पौर्णिमेआधी आणि डिचोली-सत्तरीकडचा थोरला पौर्णिमेपासून पुढे. हे एकाच कागदावर मांडलं की कुठल्या आठवड्यात जायचं ते आपोआप ठरतं.

माशेलचा चिखलकाला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी असतो हे मला आज पाठ आहे, कारण एका वर्षी मी एकादशीलाच जाऊन उभी राहिले होते. देवकीकृष्णाच्या देवळात अखंड भजन चाललेलं, सगळे स्वच्छ कपड्यांत, आणि मी जुना गाऊन आणि रबरी चप्पल घालून. पेटीवाल्या आजोबांनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, हसू दाबलं आणि "फाल्यां, बाय" एवढंच म्हणाले. फाल्यां म्हणजे उद्या. मुक्काम एक दिवस वाढवला. दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या मैदानात अंगाला तेल चोपडलेली मुलं आणि म्हातारे चिखलात लोळत होते, गावठी खेळ खेळत होते, आणि तो गाऊन सार्थकी लागला. त्याचा तांबडा रंग अजून गेलेला नाही, तेव्हा चिखलकाल्याला नेलेला कपडा परत आणायचा नाही असं ठरवूनच न्या.

माझं मत विचाराल तर जून ते ऑगस्ट. पावसात गोव्यात काय बघायचं, असं विचारणारे लोक समुद्र बघायला जातात. त्या दिवसांत समुद्रात उतरायचं नसतंच आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते, म्हणजे ताटातल्या माशाकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. पण सांजाव पाहायला याच दिवसांत यावं लागतं. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून लोक घुमट नावाचं मातीचं वाद्य वाजवत घरोघर फिरतात आणि विहिरींत उड्या घेतात. नव्या जावयाचं त्या दिवशी सासुरवाडीला विशेष कौतुक. शिवोलीत सजवलेल्या होड्या येतात. सांगडाला होड्या एकमेकींना बांधून त्यांवर मंच उभारतात आणि पाण्यावर नाच-गाणी होतात. यासाठी बॅगेत दोन जोड चपला, लवकर वाळणारे कपडे, मोबाईलला झिपची प्लॅस्टिक पिशवी आणि ओले कपडे भरायला वेगळी जाड पिशवी हवी. पट्टीचं पोहता येत नसेल तर विहिरीच्या काठावरूनच बघा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण गर्दीत छत्रीची काडी कुणाच्या तरी डोळ्यात जाते.

शिगमोला जायचं तर शहरांतल्या चित्ररथ मिरवणुकींचं वेळापत्रक पर्यटन खातं जाहीर करतं, ते उतरवून घ्या. पणजी, फोंडा, मडगाव, म्हापसा असे वेगवेगळे दिवस असतात. मिरवणूक सांगितलेल्या वेळेला सुरू होईल या भरवशावर रात्रीची परतीची गाडी पकडू नका. पण जमलं तर एक रात्र गावातल्या शिगम्यासाठी राखा. घोडेमोडणीत कमरेला लाकडी घोड्याचा सांगाडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचतात. ढोल-ताशांच्या मधोमध उभं राहून ते पाहिलं की चित्ररथ विसरायला होतात. गावात बसायला खुर्च्या नसतात आणि नेटवर्क जातं. घरी सांगून ठेवा.

दिवाळीत येणाऱ्यांनी नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री झोपेची आशा सोडावी. गल्लोगल्ली नरकासुराचे पुतळे आणि पहाटे त्यांचं दहन. कानात घालायला कापूस असू द्या.

शिरगावच्या लईराईच्या जत्रेबद्दल जरा सविस्तर सांगते. वैशाख शुद्ध पंचमीला इथे धोंड, म्हणजे व्रत केलेले भक्त, निखाऱ्यांवरून चालतात. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्र सायबीण, म्हणजे मेरी माता, ही लईराईची बहीण, असं लोक मानतात. मिलाग्रच्या फेस्ताला लईराईकडून तेल जातं आणि लईराईच्या जत्रेला तिकडून मोगऱ्याची फुलं येतात. फेस्त आणि जत्रा दोन्ही काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या अंतराने येतात, तेव्हा एक तरी पाहावीच. मात्र 2025 च्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली. लहान मुलं आणि वयस्क सोबत असतील तर होमाच्या रात्री जाण्याऐवजी दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी दर्शन घ्या.

आता नावं. हा मुद्दा कुठल्याच यादीत नसतो आणि सगळ्यांची फजिती इथेच होते. आपण म्हणतो डिचोली, पाटीवर वाचायला मिळतं बिचोलिम. सांकळी म्हणजे सांकेलिम, माशेल म्हणजे मार्सेल, लोटली म्हणजे लुतोलिम, शिवोली म्हणजे सिओलिम, कुंकळ्ळी म्हणजे कुंकोलिम. रोमन लिपीतली पोर्तुगीज स्पेलिंगं मोबाईलच्या नकाशात घालावी लागतात. जाण्याआधी दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहून ठेवा. बसच्या कंडक्टरला मात्र डिचोलीच सांगा.

दुकानांचं वेळापत्रक पोटात साठवून घ्या: दुपारी एक ते साडेतीन-चार कुलूप आणि रविवारी बहुतेक सगळंच बंद. पणजीत भर दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी पोचणारा माणूस ओळखू येतो. तो शटरला हात लावून बघत असतो. तेव्हा सकाळ बाजारासाठी, दुपार जेवण आणि झोपेसाठी, संध्याकाळ गल्ल्यांसाठी. शुक्रवार म्हापशाला द्या, कारण त्या दिवशी तिथला मोठा बाजार भरतो आणि जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. दोन्ही एकाच दिवशी धरलेत तर एक हुकणार.

म्हापशात नऊच्या आत पोचा. एका ओळीत बायका भुईवर बसलेल्या, पुढ्यात सोलांचे ढीग, मिरच्यांच्या राशी, माडाच्या गुळाच्या ढेपा, आणि वर दोरीला माळेसारखी लटकलेली लालभडक चोरीसं. चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, हे सोबतच्यांना आधीच सांगून ठेवा. मी एका काकांना ते लाल मणी वाटून हात लावताना पाहिलंय. मे महिन्याच्या शेवटी गेलात तर पावसाळ्याची बेगमी करण्याचा, म्हणजे पुरुमेंताचा बाजार सापडेल. मिरची घेताना काणकोणची खोला मिरची कुठली ते विचारा. तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे नाव घेऊन दुसरीच मिरची गळ्यात मारणारेही आहेत. वास घ्या, थोडी घ्या, घरी करून बघा. रोख आणि तीही सुटी ठेवा. भाव करताना मावशी म्हणा, आवाज खाली ठेवा. चतुर्थीच्या आधी गेलात तर फोंडा, डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान मांडलेलं असतं: कवंडळं, कांगल्या, सुपारीचे घड. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या त्या चौकटीसाठी हे सगळं रानातून येतं. विकत घ्यायचं नसलं तरी तासभर उभं राहून नावं विचारत बसावं.

विचित्र वस्तू हव्या असतील तर घुमट घ्या. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं. पूर्वी हे कातडं घोरपडीचं असे. ते आता वन्यजीव कायद्याने बंद आहे, म्हणून बकऱ्याच्या कातड्याचंच घुमट आहे ना ते दुकानदाराला स्पष्ट विचारा. "जुनं अस्सल" असं कुणी कुजबुजला तर तिथून निघा. घुमटासाठी एक जुनी चादर घेऊन जा, गुंडाळायला. फोंताइन्यात, म्हणजे पणजीच्या जुन्या पोर्तुगीज वस्तीत, निळ्या-पांढऱ्या हाताने रंगवलेल्या टाइल्स मिळतात. त्यांना अझुलेजो म्हणतात. घराच्या नावाची टाइल करून हवी असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, शेवटच्या दिवशी नव्हे. मोठी अझुलेजो चित्रं फुकट बघायची तर पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जा. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं छापलेले कप आणि पिशव्या सगळीकडे दिसतील. त्यांची दालनं आहेत, तिथूनच घ्या. जत्रेच्या गाड्यांवरचं खाजं घ्यायला विसरू नका. बेसनाच्या कांड्या, वर आलं-गुळाचा थर. व्हिनेगरची बाटली घ्यायची असेल तर माझं ऐका आणि घेऊ नका. माझी बाटली अर्ध्या वाटेत फुटली आणि ती साडी अजून लोणच्यासारखी वास मारते.

फोंताइन्यातल्या घरांत माणसं राहतात. पायरीवर बसून फोटो काढायची इच्छा झाली तर आधी दार वाजवा, विचारा. चांदरचा ब्रागांझा वाडा, लोटलीतली जुनी घरं, बाणावलीचं गोवा चित्रा, तोर्डाचं घरांचं संग्रहालय: जाण्याआधी फोन करून वेळ विचारा. चांदरच्या वाड्याचे दोन भाग एकाच घराण्याच्या दोन शाखांकडे आहेत. दोन्हीकडे देणगी वेगळी, म्हणून सुटे पैसे दुप्पट.

देवळांसाठी गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे, चर्चसाठीही तेच. एक ओढणी दोन्हीकडे चालते. कुळदेवता गोव्यात असेल, आणि आपल्यापैकी अनेकांची असते, तर मंगेशी, कवळे, म्हार्दोळ इथल्या अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, खोली मिळते का ते आधी विचारून ठेवा. तांबडी सुर्ला मात्र वेगळा दिवस मागतं. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं छोटंसं महादेवाचं देऊळ, भोवती जंगल. पावसाळ्यात जळवांसाठी मीठ घ्या.

वाहन भाड्याने घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत ना ते बघा. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी गाडी स्वस्तात देणारे भेटतील, पण पोलिसांनी अडवलं की तो मालक फोन उचलत नाही. वाहन परवाना आणि हेल्मेट हवंच. दिवाडी बेटावर फेरीबोटीने जा.

परतीची एक गोष्ट. काजूची फेणी, मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर हुर्राक, म्हणजे काजूचीच सौम्य दारू, तिथेच प्या. परवान्याशिवाय गोव्यातली दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सावंतवाडीच्या अलीकडे इन्सुलीला गाड्या तपासतात. माझ्या भावाने सीटखाली लपवलेली बाटली तपासणाऱ्याने वाकूनही न बघता बाहेर काढली होती. त्या जागी बेबिंका ठेवा, अंडी-नारळाच्या दुधाचा तो थरांचा केक, आणि त्यावर घुमट चुकूनही ठेवू नका.