वाङ्मयचौर्य टाळण्याची सुरुवात टिपणांपासून

विद्यापीठीय निबंधात किंवा प्रबंधात आढळणारे वाङ्मयचौर्य नेहमीच जाणूनबुजून केलेले नसते. पुष्कळदा त्याचे मूळ काही महिन्यांपूर्वी घाईत केलेल्या टिपणांत असते. पुस्तकातले वाक्य वहीत जसेच्या तसे उतरवलेले असते, त्याला ना अवतरणचिन्हे असतात ना पृष्ठ क्रमांक, आणि लिहायला बसेपर्यंत ते आपलेच वाटू लागते. म्हणून टिपण काढतानाच लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत पृष्ठ क्रमांकासह लिहावेत आणि त्यावर सुचलेला स्वतःचा विचार वेगळ्या शाईने, निदान वेगळ्या रकान्यात, नोंदवावा.

खरी अडचण येते ती आशय आपल्या शब्दांत मांडताना. समजा, मूळ वाक्य असे आहे: ‘शहरे ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने पाणीपुरवठ्याची व्यवस्था वाढली नाही.’ यावरून ‘नगरे ज्या गतीने विस्तारली, त्या गतीने जलपुरवठ्याची यंत्रणा विस्तारली नाही’ असे लिहिले, तर शब्द बदलले तरी वाक्याचा सांगाडा उसनाच राहतो. पुस्तक मिटून, आशय आठवून लिहावे: ‘पाणीपुरवठा शहरांच्या विस्ताराच्या मागे पडत गेला, असे लेखकाचे निरीक्षण आहे.’ मग मूळ मजकुराशी ताडून पाहावे आणि संदर्भ द्यावा. शब्द आपले असले तरी विचार दुसऱ्याचा आहे, त्यामुळे संदर्भ टळत नाही. पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते, अशा सर्वज्ञात गोष्टींना मात्र तो लागत नाही.

अवतरण देण्याची रीत संदर्भलेखनाच्या शैलीनुसार बदलते. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीच्या सातव्या आवृत्तीत ४० किंवा त्याहून अधिक शब्दांचे अवतरण अवतरणचिन्हांशिवाय, समासापासून आत सरकवून स्वतंत्र परिच्छेदात देतात. आपल्या विभागाला कोणती शैली चालते, हे आधीच विचारून घ्यावे. एखादे मत दुसऱ्याच्या ग्रंथातून मिळाले असेल आणि मूळ ग्रंथ पाहिलेला नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे; न वाचलेली पुस्तके संदर्भसूचीत मिरवणे हीही फसवणूकच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वातच नसलेले संदर्भही बिनदिक्कत देतात, त्यामुळे प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहावा. मागच्या सत्रात दिलेला स्वतःचा निबंध परवानगीशिवाय पुन्हा सादर करणेही बहुतेक ठिकाणी नियमबाह्य ठरते.

टर्निटिनसारख्या, निबंधातील मजकूर इतरत्र प्रसिद्ध मजकुराशी ताडून पाहणाऱ्या संगणकीय प्रणालीच्या अहवालातील टक्केवारीला विद्यार्थी विनाकारण घाबरतात किंवा तिच्यावर विनाकारण विसंबतात. ती केवळ जुळणारा मजकूर दाखवते. रीतसर दिलेले अवतरणही तिच्या मोजणीत येऊ शकते, आणि सफाईने उचललेली कल्पना सुटून जाऊ शकते. त्यामुळे आकडा न पाहता अहवालात रंगवलेले प्रत्येक वाक्य तपासावे. निकाल लागेपर्यंत टिपणे आणि जुने मसुदे जपून ठेवावेत. शंका उपस्थित झालीच, तर लेखन कसे घडले हे त्यांवरून दाखवता येते. निबंध दिल्यानंतर राहून गेलेला संदर्भ स्वतःच्या लक्षात आला, तर कोणी विचारण्याआधीच शिक्षकांना लेखी कळवावे आणि दुरुस्त प्रत देण्याची परवानगी मागावी.