हॉर्न स्पीकरसाठी ट्यूब अँप: आधी हम ऐका, वॉट नंतर

१०० डीबीच्या पुढच्या सेन्सिटिव्हिटीचा (१ वॉटला १ मीटरवर एवढा आवाज देणारा) हॉर्न स्पीकर १ वॉटमध्येच खोली भरून टाकतो, पण अँपचा बारीकसा हमही (विजेची सततची घूं-घूं) तितक्याच इमानदारीने ऐकवतो. त्यामुळे जास्त वॉटच्या मागे लागू नका. २ए३ या आउटपुट ट्यूबचे साडेतीन वॉटसुद्धा घरात पुरून उरतात; ३००बीचे आठेक म्हणजे चैनच.

पैसे देण्याआधी एवढं करा:

१. अँप आपल्याच स्पीकरला लावून बघा. ८६ डीबीच्या स्पीकरवर चिडीचूप वाटणारा अँप हॉर्नवर घुमू शकतो.

२. इनपुटला शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोकं जोडून सिग्नल बंद करणारा) लावा, आवाज शून्यावर. नीट तापू द्या.

३. बसायच्या जागेवरून हम ऐकू आला, तर तो अँप नको. हॉर्नच्या तोंडाशी कान नेल्यावर किंचित सळसळ आली तर चालेल. मल्टीमीटर असेल तर स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा: १ मिलिव्होल्टच्या आत असेल तर डोळे झाकून घ्या. डायरेक्ट हीटेड ट्यूबच्या (२ए३, ३००बी अशा) अँपला बहुधा हम पॉट (हम कमी करायचा छोटा नॉब) असतो. नापास करण्याआधी तो फिरवून घ्यायला सांगा.

४. आता गाणं लावा. आवाजाचा नॉब जरासा हलवताच दणका बसत असेल तर गेन (अँप सिग्नल किती पट वाढवतो ते) जास्त आहे.

स्पीकरच्या वायरी बदलताना अँप बंदच हवा. लोडशिवाय (स्पीकर न जोडता) चालू राहिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.