आधी खुराडं, मग कोंबड्या: परसातल्या या चुका टाळा

नाशिकला मखमलाबादच्या बाजूला आमच्या घरामागे अडीच गुंठे जागा मोकळी पडून होती. एका डिसेंबरात उत्साहाच्या भरात मी वनराजा जातीच्या कोंबडीची २५ पिल्लं आणली आणि त्याच आठवड्यात मेथी, पालक, वांगी सगळं लावून टाकलं. महिनाभरात पिल्लं ११ उरली आणि मेथीचा तर पत्ताच नव्हता. शेजारचे अप्पा कुंपणावरून म्हणाले, "पोरी, आधी खुराडं बांध, मंग कोंबड्या आण. आन् कोंबडी नि भाजीच्या मधी दार ठेव." नंतर जे जे बिघडलं, त्यातलं बरंचसं या दोन वाक्यांत आलं होतं.

थंडीत पिल्लं आणणं

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि आपण त्या चहाबरोबर वाचून सोडून देतो. एका दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करायची. मी एक बल्ब टांगला आणि खोलीचं दार लावून निश्चिंत झाले. पहाटे वीज गेली. सकाळी पिल्लं एका कोपऱ्यात एकावर एक चढलेली, खालची गुदमरून मेलेली.

थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली दाटी केली तर थंडी वाजतेय. बल्बपासून लांब जाऊन चोच उघडी ठेवली तर उकडतंय. एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. सगळीकडे विखुरली आणि दाणे टिपत असली तर ठीक. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं करा, म्हणजे कोपराच राहत नाही. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस टाका. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातगिरण्यांमुळे आपल्याकडे तुसाला तोटा नाही. वीज जाण्याची सोय आधीच करून ठेवा. नवख्याने खरं तर एकदिवशी पिल्लांच्या वाटेला जाऊच नये. आठ-दहा आठवड्यांच्या, लसी झालेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, घ्याव्यात. महाग पडतात, पण मेलेली पिल्लं त्याहून महाग पडतात.

जाळीवर विश्वास

षटकोनी भोकांची जी जाळी दुकानात 'चिकन मेश' म्हणून मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, मुंगूस खालून उकरून आत शिरतं. आमच्याकडे मुंगूस भर दुपारी तीनला आलं. रात्रीची भीती मनात धरून मी संध्याकाळी कडी लावायचे, दिवसा दार उघडं. चार तलंगा मारल्या, खाल्ली एकच. मुंगूस दिवसाच फिरतं, हे तेव्हा कळलं. रात्रीची पाळी मांजराची आणि उदमांजराची.

आता अर्ध्या इंची वेल्डेड जाळी आहे, ती दीड फूट जमिनीत गाडलेली, आणि दाराला दोन कड्या. निफाड-सिन्नरकडे, नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तिथे खुराडं घराच्या भिंतीला लागूनच असू द्या आणि वर पक्कं छप्पर घाला. आत प्रत्येक कोंबडीला दोन चौरस फूट तरी जागा हवी. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की उन्हाची तिरीप आत कमी येते. एप्रिल-मेसाठी पत्र्याला वरून चुना मारा आणि उघड्या बाजूंना ओलं गोणपाट सोडा.

ओलं तूस, न दिलेली लस

पावसाळ्यात कोंबड्या पिसं फुगवून, डोळे मिटून बसल्या आणि विष्ठेत रक्त दिसलं, तर बहुतेक वेळा ती रक्ती हगवण असते. तिचं मूळ ओल्या तुसात. मूठभर तूस दाबून बघा. लाडू वळला तर ओल जास्त आहे. भांड्याभोवतीचं तेवढं काढून टाका, कोरडं टाका, चुना भुरभुरा. औषध पशुवैद्यकाला विचारूनच, पण तूस ओलंच राहिलं तर औषधाचे पैसे वाया.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, याची गोष्ट वेगळी. तिला औषध नाही, लसच. बाकी रोगांच्या लसीही वेळच्या वेळी हव्यात. हॅचरीत पहिल्याच दिवशी मरेक्स रोगाची लस झालेली असावी. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (ही मानमोडीची लस), चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, पुढे देवीची आणि आठव्या आठवड्यानंतर आर२बी, तीही मानमोडीचीच. लस बर्फात आणा आणि कालवल्यावर दोन तासांत संपवा. लासोटा-गंबोरो पाण्यातून देणार असाल तर नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोरीन लस मारतं. थोडीच पाखरं असतील तर या दोन लसींचा डोळ्यात थेंब टाकणं सोपं. १०० मात्रांची कुपी १० पिल्लांसाठी फोडायला जीवावर येतं, म्हणून आम्ही गल्लीतली तीन घरं मिळून एकाच दिवशी लस देतो.

आणि आठवडे बाजारातून आणलेली कोंबडी त्याच संध्याकाळी कळपात सोडू नका. दिसायला कितीही ठणठणीत असो, तीन आठवडे वेगळ्या डालग्यात.

कांदा, बुरशी आणि लेअर खाद्य

हा खास नाशिकचा घोटाळा. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा पावसाळ्यात सडायला लागतो आणि फुकटचं खाद्य म्हणून पाट्याच्या पाट्या खुराड्यात ओतल्या जातात. जास्त कांदा पोटात गेला की कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, तुरा फिका पडतो, ती मलूल होते. बुरशी आलेला मका आणि भुईमूग पेंड त्याहून वाईट, कारण त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृत खातं. वास आला की खड्ड्यात टाका, "उन्हात वाळवून चालेल" असं नाही.

लहान पिल्लांना लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, घालू नका, त्यातला कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. ते अठराव्या-विसाव्या आठवड्यापासून. मऊ कवचाची अंडी यायला लागली तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तेवढा कोंबड्या खातात.

ताजी विष्ठा थेट वाफ्यात

कोंबडीखत चांगलं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते ताजं असताना रोप जाळतं, हे वांग्याची पानं कडेने करपल्यावर कळतं. विष्ठेतल्या नत्राचा अमोनिया होतो आणि कोवळी मुळं भाजतात. शिवाय ताज्या विष्ठेत जंतू असतात आणि कोथिंबीर आपण कच्ची खातो, हे विसरू नका. एक घमेलं विष्ठा-तूस, दोन घमेली पालापाचोळा, असा ढीग ओलसर ठेवून दर पंधरा दिवसांनी उलथायचा. तीन महिने. ऑक्टोबरात द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या काड्या फुकट मिळतात, पण बारीक केल्याशिवाय त्या लवकर कुजत नाहीत. फवारलेल्या बागेतला पाला मात्र मी कोंबड्यांपुढे टाकत नाही.

आता अप्पांचं दार. पेरलेल्या वाफ्यात कोंबडी शिरली की दहा मिनिटांत पेरलेले धने उकरून वर. भाजी काढून झाल्यावर मात्र तिच्यासारखा मजूर नाही, अळ्या आणि तणाचं बी वेचून देते. माझे चार वाफे आहेत. रिकामा होईल त्याचंच दार उघडतं. काळ्या जमिनीत पावसाळ्यात गादीवाफेच करा, सपाट वाफ्यात पाणी तुंबून मुळं सडतात. मेथी एकदम सगळी पेरली तर एका दिवशी २० जुड्या आणि मग महिनाभर काही नाही. दर दहा-बारा दिवसांनी हातभर पेरा. धने रगडून दोन फाकी करूनच पेरायचे, हे मला सासूबाईंनी सांगितलं, तेही तिसऱ्या फसलेल्या वाफ्यानंतर.

अंडी का थांबली?

पहिलं अंडं साधारण पाच-सहा महिन्यांनी. कोंबडा नसला तरी अंडी येतात, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही, त्यामुळे शहरात शेजाऱ्यांची झोप मोडायची गरज नाही. थंडीत दिवस लहान होतो म्हणून अंडी घटतात. पहाटे दोन-तीन तास बल्ब लावला तर फरक पडतो. पिसं झडताना घटतात, तेव्हा काही करायचं नाही, थांबायचं. गावठी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून घरट्यातच बसून राहिली, तर अंडी उबवायला बसवा. अंडी फुटलेली दिसत असतील तर बहुधा कोंबड्याच ती खातायत. चार-पाच कोंबड्यांमागे एक अंधारी पेटी ठेवा आणि अंडी दिवसातून दोनदा गोळा करा.

मात्र दोन दिवसांत तीन-चार कोंबड्या पटापट मेल्या, तर हे सगळे अंदाज बाजूला. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता. मेलेली पाखरं कापून बघू नका, नासर्डी नदीत फेकू नका, कुत्र्याला घालू नका. उरलेल्या कोंबड्या आतच ठेवा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कोंबड्यांचं वय आणि शेवटची लस कधी दिली, हे वहीत लिहिलेलं असू द्या. डॉक्टर आधी तेच विचारतात.