दुखरे सांधे आणि रोमन देव: मुंबईच्या घरात कसं जमवायचं

रोमन देवांना तुमचा भाव किती दाटून आला याच्याशी फारसं घेणंदेणं नव्हतं, विधी नीट झाला ना, कबूल केलं ते दिलं ना, एवढं झालं की पुरे. त्यामुळे संधिवात, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) असलं काहीतरी कायमचं मागे लागलेल्या माणसाला याच्याइतका सोयीचा धर्म नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण फ्लेअरच्या, म्हणजे दुखणं उसळलेल्या, दिवशी भाव कुठून आणणार, पण बसल्या जागी दिवा लावून चिमूटभर मीठ ठेवणं बहुतेक वेळा जमतं.

आधी जागा ठरवा. घरातल्या देवांचं ठिकाण म्हणजे लारारियम, आणि ते संगमरवरीच हवं असं काही नाही, पॉम्पेईत, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरात, कितीतरी घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर नुसतं चित्रच काढलेलं आहे. वन रूम किचनवाल्यांनी टेन्शन घेऊ नका! ओट्याजवळचा एखादा शेल्फ घ्या, पण खुर्चीत बसून खांदा न उचलता हात पोचेल असाच, वरचा माळा नको. चूल ही वेस्टाचीच, म्हणजे चुलीच्या देवीची, म्हणून गॅसच्या जवळ असलेलं बरंच, फक्त पडदे-कागद आचेपासून लांब ठेवा. आणि आईच्या देवघरात घुसखोरी करू नका, घरात उगाच वाद होतात.

चित्र स्वतः काढा, कला म्हणून सुरुवात करायला हेच बेस्ट. दोन बाजूंना नाचणारे दोन लार, म्हणजे घर राखणारे देव, हातात शिंगाचा प्याला उंच धरलेला, मध्ये डोक्यावरून वस्त्र घेतलेला घरधन्याचा गेनियस (त्याचं राखणदार दैवत), आणि खाली वेदीकडे सरपटणारा साप. साप काढायला सगळ्यात सोपा आणि बोटं कडक असली तरी त्याची वळणं बिघडत नाहीत. ब्रशच्या दांड्याला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळून रबरबँड लावा, दांडा जाड झाला की मूठ आवळावी लागत नाही. एका बैठकीत एकच रंग. मोझेक करायचा मोह होईल, पण टाइल कापायचा पक्कड आमच्यासारख्यांच्या मनगटाची वाट लावतो, करायचंच तर आधीच कापलेले काचेचे तुकडे आणून नुसते चिकटवा. कागदाचं चित्र जूनच्या आत लॅमिनेट करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशी.

महिन्यात तीन दिवस पुरतात. कॅलेंड्स म्हणजे १ तारीख, नोन्स ५ ला आणि आयड्स १३ ला, पण मार्च, मे, जुलै, ऑक्टोबरमध्ये तेच ७ आणि १५. हे फोनमध्ये टाकून ठेवा. या तिन्हींच्या दुसऱ्या दिवशी रोमन लोक काळा दिवस मानायचे आणि नवीन काही सुरू करायचे नाहीत, म्हणजे १ तारखेला उठवलं नाही तर २ ला स्वतःला ओढत नेऊ नका, ३ ला बघा. मेथोट्रेक्सेट (संधिवाताची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी) घेणाऱ्यांपैकी ज्यांना गोळीनंतरचा दिवस जड जातो त्यांनी तोही दिवस आधीच वगळावा.

विधी असा: हात धुवायचे, डोक्यावर ओढणी घ्यायची, दिवा लावायचा. सगळ्यात आधी यानसचं, म्हणजे आरंभाच्या देवाचं, नाव, मग लार, शेवटी वेस्टा. पुढ्यात थोडं मीठ, थोडं धान्य, आणि फुलाचा हार, काटो या जुन्या रोमन लेखकाच्या शेतीवरच्या पुस्तकात या तीन दिवशी चुलीवर हार घालायला सांगितलंय, दादरच्या फुलगल्लीतला छोटासा झेंडूचा गजरा पण चालतो. ते लोक धूप जाळायचे, पण दमा असेल तर हट्ट करू नका, धूर सोडून द्या. वाइनच्या जागी द्राक्षाचा रस किंवा दूध, दूध तर एप्रिलच्या २१ तारखेला पालेसला, म्हणजे मेंढपाळांच्या देवतेला, वाहायचेच. आणि यात उपास नाही, गोळ्या खाऊन घेऊनच बसा.

अगदीच उठवत नसेल तर? काटोच्याच पुस्तकात लिहिलंय की मालक संपूर्ण घरासाठी विधी करतो. म्हणजे एकाने सगळ्यांसाठी करणं हे मुळातच आहे, तेव्हा बहिणीला, नवऱ्याला दिवा लावायला सांगा, पडल्या पडल्या नावं तुम्ही घ्या. यात कमीपणा नाही.

बऱ्या दिवशी लिबुम करा, म्हणजे देवाला वाहायचा चीजचा केक. काटोची कृती दोन भाग चीज, एक भाग पीठ, हलका हवा तर बारीक पीठ अर्धाच भाग, आणि एक अंडं. आपण २०० ग्रॅम मऊ पनीर, ५० ग्रॅम मैदा, एक अंडं फेटून त्यातलं निम्मं, सगळं मिक्सरमध्ये, हाताने मळायचं नाही. केळीच्या पानावर थापून झाकण ठेवून मंद आचेवर भाजा, मूळ कृतीतही वर भांडं पालथंच घालतात. घरात अंडं चालत नसेल तर दही घाला, काटोला कोण सांगायला जातंय.

देव निवडताना फेब्रिसला विसरू नका, ही तापाची देवी, रोममध्ये पॅलाटिन टेकडीवर तिचं देऊळ होतं. तिच्याकडे मागणं एकच, फार त्रास देऊ नकोस, माहीमच्या शीतलादेवीकडे बायका जायच्या तसंच काहीसं. एस्कुलापियस या वैद्यकीच्या देवाचं देऊळ इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपासून टायबर नदीतल्या बेटावर होतं, त्याचा दिवस १ जानेवारी. औषधं मात्र कोणत्याही देवाच्या भरवशावर बंद करायची नाहीत.

नवस रोमन लोकही बोलायचे आणि काम झाल्यावर फेडायचे, पण इथे सांभाळून. दुखत असताना माणूस काहीही कबूल करतो, रोज पहाटे उठेन, पन्नास फुलं वाहेन, आणि मग फेडताना कंबर जाते. बसून होईल तेवढंच बोला. मातीचा हात, पाय किंवा डोळा करून वाहणं सगळ्यात छान, टायबरमधून असे भाजलेले अवयव सापडलेत, आणि बांद्र्याला माउंट मेरीच्या बाहेर मेणाचे हातपाय बघितले असतील तर प्रकार लगेच कळेल. भट्टी नको, हवेत वाळणारी माती घ्या, आपल्याच दुखऱ्या हाताचा बेताचा नमुना बनवा, वाकडी बोटं सरळ करत बसू नका. मेणाचे बघायला जायचं असेल तर सप्टेंबरच्या जत्रेत नको, त्या गर्दीत उभं राहणं आपल्याला झेपत नाही, इतर वेळी दुपारी रिक्षाने थेट वरपर्यंत जा.