एका वर्गात तीन-चार घरभाषा : तालाच्या आधाराने सगळ्या मुलांना कसं शिकवावं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळेचा पहिलीचा वर्ग बघा. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी, तर जंगलाकडच्या गावांतून आलेल्यांच्या बोलण्याला कोकणी वळण. त्यातच ऊसतोडीच्या हंगामात एखादं मूल अर्ध्या वर्षात येऊन बसतं. या सगळ्यांना एकत्र बांधायला ताल फार उपयोगी पडतो. मात्र गाण्याने डोकं तल्लख होतं वगैरे विसरा. मोझार्टचं संगीत ऐकून मूल हुशार होतं ही आवई १९९३ च्या एका प्रयोगावरून उठली. तो प्रयोग ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता आणि दिसलेला फायदा पंधरा मिनिटांतच विरला होता.

१. आधी मुलं ओळखा. हुशार आणि कच्ची अशी यादी नको. प्रत्येकाच्या नावापुढे घरची भाषा लिहा, नीट ऐकू-दिसू येतं का ते लिहा, आणि मोठ्या आवाजाला ते कसं वागतं तेही. ‘हा ऐकून शिकतो, ती बघून शिकते’ असले शिक्के मारू नका, त्यांना भक्कम पुरावा नाही. मग आयांना, आज्यांना विचारा : घरात काय गातात? पाळणे, ओव्या, हादग्याची गाणी, कन्नड सोबाने पदं (लग्नकार्यात बायका म्हणतात ती गाणी) असं बरंच निघेल. देवाचं गाणं असेल आणि एखादं मूल त्यात गप्प राहणार असेल, तर चाल ठेवा, शब्द नवे घाला.

२. सुरुवात टाळीने करा, सुराने नको. गाता न येणाऱ्या शिक्षकांचीही इथे सोय होते. गावात भजनी मंडळ असतंच, त्यामुळे भजनी ठेका निम्म्या वर्गाच्या अंगात असतो. मुलांची, गावांची नावं टाळीवर तोडा : खा-ना-पूर, तीन टाळ्या. नवीन आलेल्या मुलाला भाषा येत नसली तरी टाळी देता येते, आणि पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून तेवढंच मागावं.

कन्नडच्या तासालाही हेच चालतं. कन्नडमध्ये ‘कोडु’ म्हणजे दे, आणि त्यातला ‘को’ लांबवला की शिंग. देवनागरीत दोन्ही सारखंच लिहिलं जातं, म्हणून फरक निसटतो. पहिल्याला एक मात्रा, दुसऱ्याला दोन मात्रा हात लांबवून धरा, कान लगेच तयार होतो.

३. पाढे दोन्ही भाषांत, ठेका एकच. अर्धा वर्ग ‘बे एके बे, बे दुणे चार’ म्हणतो, उरलेला अर्धा ‘एरडोंद्ले एरडू, एरडेरड्ले नाल्कू’. मग अदलाबदल. संख्या लिहिताना मात्र एक खोच आहे. ‘एकवीस’ ऐकून १२ लिहिणारं मूल गाफील नसतं. मराठीत एक आधी ऐकू येतो आणि लिहायचा नंतर. कन्नडच्या ‘इप्पत्तोंदू’त वीस आधी, लिहितो तसंच. अशा वेळी दशकाला पायाने धप्प आणि एककाला टाळी द्या. २१ म्हणजे दोन धप्प, एक टाळी. कोणत्याही भाषेत म्हणा, हातापायांचा क्रम बदलत नाही.

४. आता चाल काढून घ्या. बहुतेक वर्ग इथवर येऊन थांबतात, आणि म्हणूनच गाण्यांचा उपयोग झाला नाही अशी तक्रार होते. सातचा पाढा खणखणीत म्हणणाऱ्या मुलीला ‘सात आठे?’ विचारा. ती ‘सात एके सात’पासून सुरू करेल. तिला साखळी आली आहे, कड्या सुट्या झालेल्या नाहीत. म्हणून मधूनच सुरू करायला लावा, उलटं म्हणायला लावा, उत्तराच्या जागी सगळ्यांनी गप्प राहून पाटीवर आकडा लिहायचा असा खेळ घ्या. शेवटी ठेक्याशिवाय, नुसता प्रश्न. उत्तर आलं तर पाढा आला.

वाचनाचंही तसंच. गाण्याच्या चार ओळी फळ्यावर लिहा, प्रत्येक ठोक्याला शब्दाखाली बोट, रोज एक शब्द पुसा. पण पाठ असलेलं म्हणणं हे वाचन नव्हे. ओळींचा क्रम उलटापालटा करून दिलात की कोण वाचतंय ते कळेल.

५. ज्यांना हे जड जातं त्यांच्यासाठी. कमी ऐकू येणारं मूल समोर बसवा, त्याचा तळहात ढोलक्याच्या लाकडावर ठेवा, ठोका हाताने दाखवतही राहा. श्रवणयंत्र असेल तर बंद खोलीत हलगी नको, यंत्र तो आवाजही वाढवतं. स्वमग्न मुलाला आवाजाआधी खूण द्या आणि दाराजवळची जागा मोकळी ठेवा. कान झाकून घेतले तर घेऊ द्या. तोतरं बोलणारी अनेक मुलं सगळ्यांबरोबर म्हणताना अडखळत नाहीत, त्यांना एकट्याने उभं करण्याची घाई कशाला? चुळबुळ्याला टाळ द्या, ठेका सांभाळणं हे त्याचं काम. अक्षरं सतत उलटसुलट होत असतील तर तपासणी करून घ्याच. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे, आणि ती गाण्याने बरी होत नाही.

६. कधी बंद ठेवायचं. मुलं मनात वाचत असताना किंवा लिहीत असताना शब्दांचं गाणं लावू नका, शब्दांत शब्द मिसळतात. नलि-कलीच्या (कर्नाटकातल्या सरकारी शाळांतली हसतखेळत शिकण्याची पद्धत) पहिली ते तिसरीच्या एकत्र वर्गात सुरुवातीची पाच-सात मिनिटं सगळ्यांनी मिळून ठेका धरावा, मग गट वेगळे. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर ओरडून घसा बसवू नका, त्या दिवशी फक्त पायाचा ठेका आणि फळा. आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंशी वेळ आधी ठरवून घ्या, नाहीतर तुमचा सातचा पाढा त्यांच्या शुद्धलेखनात उतरतो.